चोवीस इंची घेर

सन १९७४, वैशाख महिना, ऐन लग्नसराई. अंबडच्या बसस्टँडमागे माझं शिलाईचं दुकान होतं. अशा दुकानात दोन गोष्टी साठतात, कापडाच्या कतरणी आणि किस्से. कतरणी संध्याकाळी झाडून काढता येतात. किस्से मशीनच्या पायाशी अडकून राहतात. त्या उन्हाळ्यातले तर अजून निघाले नाहीत.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण कात्रीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नसे. भिंतीवर पाटी होती: ‘कापड बिघडल्यास नवीन दिले जाईल.’ बारा वर्षांत ती वेळ एकदाही आली नव्हती. काजं आणि बटणं करायला रहीमभाई बसत. ते बोलायचे कमी, टोचायचे जास्त.

*

त्या वर्षी गावातल्या तरुण पोरांना आपापली स्टाईल सापडली होती. सगळ्यांना एकच सापडली, एवढंच. मांडीला घट्ट, गुडघ्याला त्याहून घट्ट आणि खाली चोवीस इंची घेराची बेलबॉटम पँट. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं की मी घेर विचारणंही सोडून दिलं होतं.

पिंपळगाव रेणुकाईचे एक सासरे होणाऱ्या जावयाला घेऊन आले. जावयाने घेर सांगितला. सासऱ्यांनी टेपवरच्या चोवीसच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“मास्तर, ह्याच्या एका पायात माझ्या नातीचा परकर निघंल.”

जावई म्हणाला, आता हीच फॅशन आहे.

“मंग दोन पायांचे दोन परकर काढा, अन् ह्याला धोतर द्या.”

*

आमच्याकडे मापाला जुना कपडा आणायची रीत. खताच्या दुकानातल्या बबनने एक झकास शर्ट आणला. म्हणाला, बिलकुल असाच पाहिजे. मी तसाच शिवला. घालून बघितला तर खांदे कोपराकडे निघालेले आणि शर्ट गुडघ्याला टेकायच्या बेतात.

चौकशी केली तेव्हा कळलं, मापाचा शर्ट दवाखान्यातल्या धिप्पाड कंपाउंडरचा होता. त्याच्या अंगावर तो शोभायचा, म्हणून बबन मागून घेऊन आला होता.

बबनने पाटीकडे बोट केलं. मी सांगितलं, पाटी माझ्या चुकीसाठी आहे.

रहीमभाईंनी सुईतून मान वर केली नाही. “शर्ट बराबर आहे, बबन. माणूस चुकीचा आणलास.”

*

ह्याच बबनच्या पँटचा घेर रस्त्यावर घासून झिजला. तेव्हा घेर झिजू नये म्हणून त्याच्या काठाला पितळी झिपची चेन शिवायची टूम निघाली होती. बबनने ती लावून घेतली.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. एका पायाने चालत, दुसऱ्या पायाला सायकल. पँटची चेन सायकलच्या चेनमध्ये अशी बसली होती की दोन्ही एकाच कारखान्यातून आल्यासारख्या वाटाव्यात.

रहीमभाई म्हणाले, “मास्तर, सायकल अल्टर करायची आहे.”

*

एका कचेरीतल्या साहेबांनी माझ्याकडून सफारी शिवून घेतला. त्यांच्या शिपायाला तो इतका आवडला की त्याने त्याच ताग्यातलं कापड आणून दिलं. साहेब काडीसारखे, शिपाई भरदार. सोमवारी लोक शिपायाला नमस्कार करून त्याच्या हातात अर्ज द्यायला लागले आणि साहेबांना पाणी मागायला लागले.

संध्याकाळी साहेब दुकानात आले. फरक कळावा म्हणून छातीवर आणखी एक खिसा लावून घेतला.

मंगळवारी शिपाई आला. “मास्तर, मलाबी एक लावा. साहेबापेक्षा कमी दिसून राह्यलो.”

*

साळवे गुरुजी तेव्हा नुसते नावाला गुरुजी होते. नेमणुकीचं पत्र आलं होतं, शाळा जूनमध्ये लागणार होती. आईने बोकड विकून राखाडी कापड घेऊन दिलं होतं. ते घेऊन आले, पण मापाला काही आणलं नाही.

“मास्तर, माझा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या उतरलेल्या कपड्यांत राह्यला. मीबी तसाच शिकलो. माझ्या मापाचं जुनं काहीच न्हाई. तुम्हीच टेप लावा.” मग म्हणाले, “सरळ पँट. घेर सोळा. पोरांसमोर मांडी घालून बसता आलं पाहिजे.”

त्या सबंध उन्हाळ्यात स्वतःच्या मनाचं काही सांगणारं हे एकच गिऱ्हाईक. मी वहीत घेर सोळा लिहिला. दुसऱ्या दिवशी अठरा पँटी कापायच्या होत्या. त्यांच्या नादात हाताने गुरुजींचंही कापड कापून टाकलं. मांडी घट्ट, गुडघा घट्ट, घेर चोवीस.

घेर कमी करता येतो. गुडघ्यात गेलेलं कापड परत येत नाही. मी घेर सोळा केला, कडक इस्त्री मारली आणि गप्प बसलो.

बाजारच्या दिवशी गुरुजी आले. दुकानात दहा माणसं. पडद्यामागून पँट घालून आले आणि सतरंजीवर मांडी घालायला लागले. गुडघा अर्ध्यात अडला. पुन्हा बसून बघितलं, पुन्हा अडला. उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, दहा माणसांकडे बघितलं.

“बराबर आहे, मास्तर.” शिलाई दिली आणि गेले.

दुकान रिकामं झालं तेव्हा रहीमभाई म्हणाले, “पाटी उतरवू का? भिंत झाडायची आहे.”

दुसऱ्या दिवशी ऐन सराईत दुकानाला कुलूप लावून जालन्याला गेलो. तिसऱ्या दुकानात तो राखाडी रंग मिळाला. माप वहीत होतंच. ह्या वेळी कात्री लावण्याआधी ते तीनदा वाचलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी गुरुजींना निरोप धाडून बोलावलं. मुद्दाम दुकान भरल्यावर. बबन होता, सफारीवाला शिपाई होता. मी मशीन थांबवलं.

“गुरुजी, तुमचं कापड मी बिघडवलं होतं. हे नवीन.”

रहीमभाईंची सुई थांबली. गुरुजी पँट घेऊन पडद्यामागे गेले. बाहेर आले. सतरंजीवर मांडी घालून बसले. उठले. घालून आलेली ती बिघडलेली पँट घडी करून माझ्या मशीनवर ठेवली आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.