जांभळ्या ओळी

रक्तपेढीतल्या काकूंना सगळे 'रंगारी' म्हणतात, अर्थात पाठीमागे. रक्तदात्यांची यादी त्यांनी वर्षानुवर्षं एकटीने एक्सेलमध्ये सांभाळली आणि तिच्यातली ओळ न् ओळ रंगवली. ती यादी नव्या डेटाबेसमध्ये चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ती चढेपर्यंत साहेबांनी काकूंची रजा अडवून ठेवली होती. परगावी लेकीचे दिवस भरलेले, आणि संध्याकाळच्या बसचं तिकीट काकूंच्या पर्समध्ये.

आणि यादी चढेना.

"काकू, फोन नंबरच्या रकान्यात 'दुपारी झोपतात' असं लिहिलंय!"

"झोपतातच ते. उठवलं की चिडतात."

"अहो, तिथे फक्त आकडे चालतात."

"मग सांग तुझ्या डेटाबेसला, दुपारी फोन करू नकोस म्हणावं."

मी कपाळावर हात मारला. सगळे शेरे वेगळ्या रकान्यात हलवले, पुन्हा यादी चढवली. आता एका घरातले चौघे अडले. काकूंनी त्यांचे चार कप्पे जोडून एकच नंबर लिहिला होता. पहिल्याला नंबर मिळाला, बाकीचे तिघे बिननंबरी म्हणून परत.

"एका घरात एकच फोन, तर चारदा कशाला लिहू?"

अशी घरं तरी किती! ते कप्पे सोडवून, नंबर भरून दुपारी एकदाची यादी चढली. मी खुर्चीत रेलतोय तोच काकू चष्मा सावरत पडद्यावर वाकल्या.

"रंग कुठे गेले?"

"रंग येत नाहीत, काकू. फक्त मजकूर येतो."

"अरे देवा! लाल माणसाला फोन केलास तर? तो वारलाय."

"मग नाव काढून टाकायचं ना!"

"नाही काढवलं रे."

मी 'रंग' असा नवा रकाना केला. हिरवा म्हणजे कधीही बोलवा. पिवळा म्हणजे आधी जेवून यायला सांगा. जांभळ्यावर मात्र गाडी अडली. काकूंना आठवेचना.

"तुम्हीच रंगवलंय ना?" माझा आवाज चढला.

"ओरडू नकोस. ओरडल्याने आठवत नाही."

बसची वेळ होत आलेली. इतक्यात त्यांचा फोन वाजला. लेकीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"निघालीस का?"

"हो हो, निघतेच आहे."

"आई, सकाळपासून तेच चाललंय. मागच्या बाळंतपणातही नुसतं हो हो म्हणालीस, आली नाहीस."

फोन बंद झाला. काकू एक्सेलमधल्या जांभळ्या ओळींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही. हो हो म्हणतात, येत नाहीत."

आणि पर्स उचलून, साहेबांच्या केबिनकडे ढुंकूनही न बघता निघून गेल्या.

थोड्या वेळाने साहेब बाहेर आले. "काकू कुठायत? फोन करून बोलवा त्यांना."

"करतो," मी म्हणालो. "पण त्या हो हो म्हणतील."