चित्रातले दाणे

कामशेतच्या बाजारपेठेत नवाजला कुणी स्वस्थ बसलेलं पाहिलं असेल, तर त्याने पुढे यावं. लग्नाचं शूटिंग करणारा हा माणूस जेवताना उठायचा, बोलता बोलता उठायचा. त्याची बायको नुसरत म्हणायची, "ह्यांनी बुडाखाली विंचू पाळलाय." पण गेले काही दिवस त्याला लागलेली टोचणी निराळीच होती, आणि ती त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतली होती.

वडिवळ्याच्या बजरंगभाऊंच्या दहाव्याला तो गेला होता. उन्हाळ्यात त्यांच्या लेकीच्या, चैतालीच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलेलं. सांत्वनाचे शब्द सुचेनात, तेव्हा तो त्यांच्या बायकोला, सरुबाईला म्हणून बसला, "मावशी, पाठवणीला भाऊ पडवीत जाऊन रडले, ते माझ्याकडे आहे."

सरुबाई बघतच राहिली. "आमचं मालक? रडले? मी पोरीपाशी व्हते रं. मला त्येवढं दाव."

आता दाखवतो म्हणून शब्द दिला होता, आणि दाखवण्यासारखं चित्र नव्हतं. पाठवणीच्या वेळी मोठा कॅमेरा नवरीवर होता. अंधाऱ्या पडवीत नवाजने नेला तो लहान, खिशात मावणारा. खोक्यावर फोर-के, म्हणजे लाखो ठिपक्यांचं बारीक चित्र, असं छापलेलं बघून हौसेने घेतलेला. फोर-के खोटं नव्हतं, पण ज्या टिकलीवर उजेड पडून चित्र उमटतं तो सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि ह्यात करंगळीच्या नखाएवढाही नाही. एवढ्याशा जागेत लाखो ठिपके कोंबले, तर एकेकाच्या वाट्याला उजेड येणार किती? भर उन्हात भागून जातं. अंधारात कॅमेरा मिळेल तेवढा उजेड ताणत बसतो, आणि ताणलेल्या चित्रात दाणे उठतात. कणगीला टेकून रडणारे बजरंगभाऊ मळणीच्या भुसकटात उभे असल्यासारखे दिसत होते.

नवाजने कॉम्प्युटरवर दाणे काढायला घेतले. थोडे काढले, मन भरेना, आणखी काढले. मध्येच उठून दुकानाबाहेर जायचा, परत यायचा. शेवटी चित्र घासल्या ताटासारखं लख्ख झालं. त्याने सरुबाईला निरोप धाडला.

सरुबाई आली, पदर सावरून पडद्यासमोर बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यो कोन?"

"मावशी, भाऊच की."

"त्यांच्या गालांवर देवीचे वण व्हते. लगीन ठरलं तवा मी रडले व्हते त्या वणांपायी. मग सारा जलम त्येच बघितले. ह्यो गुळगुळीत मानूस माजा न्हवं."

नवाजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंधाराचे दाणे कुठले आणि माणसाचे वण कुठले, हे त्या यंत्राला काय कळणार? त्याने दोन्ही एकाच झाडूने लोटले होते. आणि झाडू नवाजच्या हातात होता.

"मूळचं आहे, पण फार खराब आलंय."

"लाव."

चित्र सुरू झालं आणि दाणे सळसळले. सरुबाईने पदराने पडदा पुसला. पुसूनही दाणे गेले नाहीत, तेव्हा तिने तोंड पुढे नेलं. त्या गर्दीत नाक दिसलं, थरथरणारी हनुवटी दिसली, आणि गालावरचे वण कधी दिसत, कधी हरवत होते.

"व्हय," ती म्हणाली. "ह्ये हायेत."

भाऊ कणगीला टेकून रडत होते. सरुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तू तितंच व्हतास न्हवं?" तिने विचारलं. "पानीबिनी दिलंस का त्यांना?"

नवाजची मान वर होईना. हात धरावा, पाठीवरून हात फिरवावा, हे त्याला तेव्हा सुचलंच नव्हतं. चित्र हलू नये म्हणून तो श्वास रोखून उभा होता.

"मी शूटिंग करत होतो, मावशी."

सरुबाईने डोळे पुसले.

"म्हंजी एकटे न्हवते," ती म्हणाली.