अडीच महिने पुरलेली बाटली

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मला एकदा सगळ्यांसमोर उभं केलं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, हिच्या नवऱ्याचं काम सुटून सहा महिने झाले, तरी हिनं कुणापुढं हात पसरला नाही, हिच्याकडून शिका. मी पदर सावरला आणि सांगायला लागले. डाळ तासभर भिजवून मग कुकरला लावायची, वरच्या भांड्यात भात, म्हणजे एकाच गॅसवर दोन्ही होतं. आठवडे बाजाराला ऊन उतरल्यावर जायचं, तेव्हा भाजीवाल्यांना उरलेला माल परत न्यायचा नसतो. अंघोळीचं पाणी मागं चुलीवर, बाभळीच्या काटक्यांवर. मोबाईल दोन असले तरी रिचार्ज एकाचाच. बायका मन लावून ऐकत होत्या. घरी येताना मला अगदी हलकं हलकं वाटत होतं.

त्या दिवसापर्यंत माझ्या सासऱ्यांना डाव्या डोळ्यानं दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. मला आणि माझ्या नवऱ्याला ते माहीत नव्हतं.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आयुष्यभर त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण वाचायचं वेड असं, की वाण्याकडून पुडी आली तरी तिचा कागद सरळ करून आधी वाचायचे. गावाकडं होते तेव्हा वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात ग्रंथ वाचायला त्यांनाच बसवायचे. आवाज फार मोठा नव्हता, पण शब्द न शब्द सुटा. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडं सुप्याला आले, आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. इथल्या विहारातही पहिल्याच पावसाळ्यात वाचनाचं काम आपोआप त्यांच्याकडं आलं. मी भाकरी थापत असताना ते उंबऱ्यात बसून मला पेपर वाचून दाखवायचे. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस माझ्या वाट्याला पहिल्यांदा आलं ते सासरी.

चष्म्याचा नंबर वाढला म्हणून त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा कळलं की काचबिंदू आहे. डॉक्टरबाईंनी दोन बाटल्या दिल्या. एकीतले थेंब सकाळ-संध्याकाळ, दुसरीतला रात्री झोपताना. आयुष्यभर घालायचे, असं बजावलं आणि दर सहा महिन्यांनी डोळे दाखवायला बोलावलं. दोन वर्षं आम्ही ते नीट पाळलं.

मग नवऱ्याच्या कंपनीत काम कमी झालं. गाड्यांचे सुटे भाग बनवायची कंपनी, आणि हे तिथं कंत्राटी. एका शनिवारी ठेकेदारानं सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. हे घरी आले आणि डबा ओट्यावर ठेवून नुसतेच उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, घर मी बघते, तुम्ही काम बघा. त्या रात्रीच मी ठरवलं की कुठं काय कमी करायचं. सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलंही. दूध लिटरचं अर्धा लिटर. पेपर बंद. लेकीची शाळेची गाडी बंद. ती तिसरीत होती, शाळा घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर. आबा लगेच म्हणाले, मी नेतो-आणतो पोरीला, माझंबी पाय मोकळं हुतील. पेपर ते न्हाव्याच्या दुकानात बसून वाचू लागले. दोन-चार दिवसांनी म्हणाले, मला दूध घालू नको चहात, कोराच बरा लागतो. मला ते खरं वाटलं. खरं वाटून घेणं सोयीचं होतं, हे आज कळतं.

त्याच सुमाराला आबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मेडिकलवाला म्हणाला म्हणे, की आता दोन औषधं लागत नाहीत, एकच पुरतं. मी विचारलं नाही, मेडिकलवाल्यानं कसं सांगितलं. मग राहिलेली एक बाटलीही पुरायला लागली. मी विचारायचे, "आबा, थेंब आणायचे का?" ते बाटली कानापाशी नेऊन हलवायचे आणि म्हणायचे, "हाय अजून. वाजतंय की." पूर्वी महिन्याला संपणारी बाटली दोन महिने, मग अडीच महिने चालली. माझ्या ते ध्यानात आलं होतं. मला आनंदच झाला होता. डोळे दाखवायची सहा महिन्यांची मुदत आली, तेव्हा मीच म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ. मग तो पुढचा महिनाही पुढं ढकलला. नगरचं जाणं-येणं, तपासणीचे पैसे, त्यात आठवडाभराचा किराणा बसायचा.

काही गोष्टी दिसत होत्या. तांदूळ निवडायचं काम आबांकडं असायचं, आणि भातात खडे यायला लागले. एकदा नवऱ्याच्या दाताखाली खडा आला, तर मी आबांना बोलले. "नीट बघून निवडा ना आबा, ताटातला भात टाकून द्यायची पाळी येते." ते म्हणाले, "व्हय, चुकलं." पाणी पेल्याच्या बाहेर सांडायचं. पेपरमध्ये आज काय आलं विचारलं तर म्हणायचे, काई इशेष न्हाई. मला वाटलं, वय झालं.

एका दुपारी शाळेजवळच्या चहाच्या टपरीवरची बाई आमच्या दारात आली. तिच्यासोबत माझी लेक होती आणि आबा होते. आबांचं धोतर गुडघ्याला फाटलं होतं, तळहात सोलले होते. बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, हमरस्त्याच्या कडेनं दोघं येत होते, डाव्या अंगानं मोटारसायकल आली, म्हाताऱ्याला ती दिसलीच नाही, तुमच्या पोरीनं ओढलं म्हणून वाचले. जाता जाता ती म्हणाली, "पोरगीच त्यांना रोज नेती-आणती, मला वाटलं तुमाला ठाव असंल."

मी लेकीला आत नेऊन विचारलं.  तिनं रडत रडत सांगितलं. दिवाळीपासून ती आबांचा हात धरून चालायची. खड्डा आला की सांगायची, गाडी आली की थांबवायची. शाळा सुटल्यावर मैत्रिणी खेळायच्या, ही सरळ फाटकाशी यायची, कारण सकाळी तिला सोडल्यावर आबा घरी येतच नसत. टपरीच्या बाकड्यावर शाळा सुटेपर्यंत बसून राहायचे. एकट्यानं परत यायची त्यांना भीती वाटायची. मी समजत होते, ते न्हाव्याकडं पेपर वाचत बसतात.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "आबा म्हणले, आईला सांगू नको. तिला आधीच लई काळजी हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन नगरला गेले. डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. मशीनवर हनुवटी टेकवून बसवलं, एकेक डोळा झाकून लुकलुकणारे ठिपके दिसतात का विचारलं. आबांच्या हातात एक बटण दिलं होतं, ठिपका दिसला की दाबायचं. मी मागं स्टुलावर बसून त्यांच्या अंगठ्याकडं बघत होते. पडद्यावर ठिपके येऊन जात होते आणि अंगठा हलत नव्हता.

बाईंनी विचारलं, औषध रोज घालता का. आबा म्हणाले, घालतो. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "एक बाटली किती दिवस जाते?"

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "अडीच महिने पुरवतो आम्ही." आणि माझ्या आवाजात तोच बैठकीतला अभिमान होता. तो मला स्वतःलाच ऐकू आला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. बाटली एकदा फोडली की महिन्यात संपते आणि संपायलाच हवी, असं त्यांनी सावकाश समजावलं. डाव्या डोळ्यात आता नुसता उजेड-अंधार कळतोय. उजव्यात मधोमध थोडं उरलंय, नळीतून बघावं तेवढं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशननंही नाही. उरलेली टिकवता आली तर टिकवू. हे सगळं त्या मला सांगत होत्या, आणि आबा समोर भिंतीवर टांगलेल्या अक्षरांच्या तक्त्याकडं तोंड करून बसले होते.

एसटीत आम्हाला जागा मिळाली. केडगाव मागं पडलं तशी मी त्यांच्याकडं वळले. मग विचारलं, असं का केलंत.

आबांनी पुढच्या सीटची दांडी धरली. मग म्हणाले, "समदी जनं कमी करत हुती. पोरीची गाडी बंद झाली, तू सनाला लुगडं घेतलं न्हाईस. मीच एकटा पुरं कसं घेऊ?"

"मी सांगितलं होतं का औषध कमी करा म्हणून?"

"न्हाई. तू न्हाई सांगितलं." आणि माझा गुडघा थोपटून म्हणाले, "तुजा काई दोस न्हाई, पोरी."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. ते वडिलांच्या पायाशी जाऊन बसले. नंतर मला म्हणाले, तू तरी काय काय बघणार. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मला ते सोसवलं असतं.

दोन महिन्यांनी नवऱ्याला नागापूरला एका कारखान्यात काम लागलं. पगार आधीपेक्षा बरा आहे. दूध पुन्हा लिटरभर येतं, लेक गाडीनं शाळेत जाते, पेपरही सुरू केला. पहिल्या दिवशी पेपर आला तेव्हा मी तो उचलून ट्रंकेवर ठेवला, आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच घडी न मोडता पडून होता. आता लेक आबांना वाचून दाखवते. ती भराभर वाचते, जोडाक्षराला अडखळते. आबा तिला हळू वाच म्हणत नाहीत.

यंदा वर्षावासाच्या आधी विहारातली दोन माणसं वाचनाचं विचारायला आली. मला वाटलं, आबाच सांगतील. पण ते मान खाली घालून बसून राहिले, म्हणून मलाच सांगावं लागलं की आता त्यांना जमणार नाही. माणसं चहा घेऊन गेली. वाचनाला मी आबांना रोज हात धरून नेलं. कोपऱ्यात भिंतीला टेकून ते ऐकायचे. वाचणारा तरुण मुलगा चांगला वाचत होता, तरी वर्षावास संपायच्या पौर्णिमेपर्यंत मला मान वर करून पुढं बघवलं नाही.

थेंब आता मी घालते, वेळेवर, दोन्ही बाटल्यांतले. आबा भिंतीला डोकं टेकून चेहरा वर करतात. एखादा थेंब गालावर ओघळला, तर बोटानं पुसून म्हणतात, वाया गेला.

परवा मला गटाच्या कामावरून यायला उशीर झाला. दिवेलागण होऊन गेली होती. लेक शेजारी खेळायला गेलेली, आणि आमच्या खोल्यांत मिट्ट काळोख. मी घाबरून हाक मारली. आतून आबा म्हणाले, "हाय हितं."

मी विचारलं, "बत्ती का नाही लावली?"

"मी एकटाच तर हाय," ते म्हणाले. "मला काय करायचीय बत्ती? उगंच बिल."

मी दारात चपला काढल्या, चाचपडत बटणापर्यंत गेले आणि दोन्ही खोल्यांतले दिवे लावले. आबा खाटेवर बसले होते, हात मांडीवर. उजेड झाला तसं त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं, जरा चुकीच्या बाजूला. मी त्यांच्याजवळ खाली बसले. स्वयंपाकाला उशीर होत होता, तरी बराच वेळ मला उठता आलं नाही.