शेवटच्या घंटेची फेरी

मुहय्यो ओपा भित्री आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि तिनंही ते कधी लपवलं नाही. ती पहिलीला शिकवायची, आणि वर्गात तिनं आपली खुर्ची फळ्याला सोडून दाराच्या समोर मांडून घेतली होती. घरात चपला कायम दाराकडे टोक करून ठेवलेल्या असत, आणि पलंगाखाली एक पिशवी असे. तिच्यात कागदपत्रं, सुकी जर्दाळू आणि नातीचा स्वेटर. स्वेटर दर हिवाळ्यात लहान व्हायचा आणि ओपा मुकाट्यानं मोठा विणून आत ठेवायची. गावातल्या बायका चेष्टा करत, "ओपा, कुठं प्रवासाला निघालात?" ती म्हणायची, "देव करो आणि न निघायला लागो."

खालच्या महल्ल्यातली उझबेक मुलं तिला ओपा म्हणत, वरच्या आळीतली किरगीझ मुलं एजे. अर्थ एकच, थोरली बहीण. एके काळी ही सगळी मुलं एकाच शाळेत, एकाच वेळेला, एकाच मैदानावर एकमेकांची डोकी फोडत आणि संध्याकाळी एकाच पाटात डुंबत. तातार होते, मेस्खेती तुर्कांची दोन घरं होती, गाणं शिकवायला रशियन वेरा होती. मग तीन वर्षांमागचा तो जून आला. उझबेक आणि किरगीझ एकमेकांवर तुटून पडले, महल्ला जळला. माणसं दोन्हीकडची मेली, पण मोजताना प्रत्येक जण फक्त आपलीच मोजत होता. ओपा त्या दिवशी चार वर्षांच्या नातीला, ओयदीनला, घेऊन पाटाच्या पुलाखाली लव्हाळ्यात बसली होती, पोरीच्या तोंडावर हात दाबून. हात काढला तेव्हा गालांवर बोटांचे वळ उठलेले होते. पोरगी रडलीसुद्धा नाही, आणि ओपाला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यानंतर शाळेच्या दोन पाळ्या झाल्या. सकाळी उझबेक, दुपारी किरगीझ. कुणी तसा हुकूम काढला नव्हता, तसं आपोआप झालं. पाळी बदलताना रखवालदार एका पाळीला मागच्या दारानं बाहेर काढायचा आणि मगच दुसऱ्या पाळीला पुढच्या दारानं आत घ्यायचा.

हेडमास्तर ताश्तेमीरला सगळे अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणत; वरच्या आळीचा माणूस. डोकं गरम, मन साफ. वसंतात एका दुपारी तो ओपाच्या अंगणात येऊन बसला, चहाची वाटी दोन्ही हातांत धरून.

"एजे, यंदा शेवटची घंटा एकच. दोन पाळ्यांच्या दोन नाहीत."

"करा की. मी कुठं आडवी आलेय?"

"खांदा वरचा, पोरगी खालची."

ओपाला तेवढ्यावरच कळलं. वर्षाची शाळा संपते त्या दिवशी शेवटच्या वर्गातला, अकरावीतला, सगळ्यांत उंच मुलगा पहिलीतल्या एका मुलीला खांद्यावर घेतो, तिच्या हातात रिबीन बांधलेली पितळी घंटा असते, आणि ती घंटा वाजवत तो अंगणाला फेरी मारतो. सगळ्या गावाचे डोळे त्या दोघांवर असतात.

"असिल्बेकचा कुबानिच," अगाय म्हणाला. "आणि पोरगी... तुमची ओयदीन."

"वर्गात पोरींचा दुष्काळ पडलाय का?"

"दुसऱ्या पोरीच्या आईला मी काय सांगू, एजे? बाईंनी आपली नात घरात ठेवली, तुमची द्या?"

  असिल्बेकला तिनं त्या जूनमध्ये पाहिलं होतं. ती पुलाखाली, तो पुलावर, हातात लोखंडी गज. त्यानं तो गज कुणावर चालवला की नुसताच धरला, ते तिला माहीत नव्हतं. विचारायची हिंमत तिला कधी झाली नाही. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. हेडमास्तरनं ते हो धरलं आणि चहा संपवून चालता झाला.

शेजारचा ओदिल नानवाला भिंतीवरून ओरडला, "ओपा, डोकं फिरलं का तुमचं? ज्यांनी माझा तंदूर फोडला त्यांच्या खांद्यावर पोर बसवणार?"

"त्या पोराचा काय दोष रे? तो तेव्हा आठवीत होता."

"आठवीतल्या पोरांना दगड उचलता येत नाहीत का?"

ओपा आत निघून गेली. मुलाचा, म्हणजे ओयदीनच्या बापाचा, रशियातून फोन आला. तिकडे तो भिंती रंगवायचा. "आई, हे धंदे बंद कर," एवढंच म्हणाला. ओपानं ठरवलं की आदल्या दिवशी पोरीला ताप आला असं सांगायचं. पण ओयदीन रोज पातेल्यावर डाव बडवून सराव करत होती. केसांत माळायचं पांढरं झिरमिरीत कापडी फूल उशाशी घेऊन झोपत होती. ताप आणायचं धाडस ओपाला झालं नाही. भित्र्या माणसाला खोटं बोलायलाही धैर्य लागतं.

तो दिवस उजाडला. अंगण पताकांनी भरलं होतं. मागं भट्टीवर पुलावाची मोठी कढई चढली होती, वरच्या आळीच्या बायकांनी कणकेचे बोर्सोक तळून आणले होते, तातार घरातून मधात घोळवलेलं चक-चक आलं होतं. वेरानं मुलांकडून तीन भाषांत गाणी बसवून घेतली होती. तुर्कांच्या पोरींनी नाच केला आणि टाळ्या पडल्या. लोक एकाच अंगणात उभे होते, पण मधे एखादी गाडी सहज निघून जाईल एवढी जागा सोडून. ती जागा कुणी आखली नव्हती आणि कुणी ओलांडतही नव्हतं.

कुबानिच पुढं आला. ताडासारखा उंच, कपाळभर पुटकुळ्या, आखूड झालेला पांढरा शर्ट. तो उकिडवा बसला. ओयदीन चढली आणि तिनं पहिलं काय केलं असेल तर त्याचे दोन्ही कान धरले.

"कान सोड गं, लगाम आहे का तो?" तो कळवळून म्हणाला.

लोक हसले. खालचे हसले आणि वरचेही हसले, एकाच वेळेला. ओपाचाही ओठ हलला. घंटा वाजायला लागली. अर्धी फेरी झाली. ओपा मनात म्हणत होती, एवढी पार पडू दे, पुढं काही मागणार नाही.

फुगे भट्टीजवळच्या खांबाला बांधले होते, भलामोठा घोस. वारा आला आणि घोस कलला. तो निखाऱ्यांवर गेला आणि फुगे धडाधड फुटायला लागले.

"सुरू झालं!" कुणीतरी बाई किंचाळली. हे दोन शब्द ह्या गावात कुणी तीन वर्षांत मोठ्यानं उच्चारले नव्हते. अंगण उधळलं. बाकं आडवी झाली, बायकांनी पोरं काखेत मारली, खालचे लोक खालच्या फाटकाकडे आणि वरचे वरच्या. ताश्तेमीर अगाय माईकवर ओरडत होता, "फुगे आहेत! अहो, फुगे आहेत!" तो किरगीझमध्ये ओरडला, उझबेकमध्ये ओरडला, रशियनमध्ये ओरडला. ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

ओपा जागची हलली नव्हती.  अंगणाच्या मध्यावर फक्त एक लाल रिबीन पडली होती. कुबानिच नव्हता, ओयदीन नव्हती.

"महल्ल्याकडं पळाला," वेरा धापा टाकत म्हणाली. "पोरगी खांद्यावरच होती."

ओपा धावली. याआधी ती शेवटची धावली होती ती त्या जूनमध्ये. तिच्या आधी बातमी महल्ल्यात पोचली होती आणि वाटेत तिचं रूप बदललं होतं: किरगीझ पोरगा आमची पोर पळवून चाललाय. गल्ली माणसांनी भरली होती. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात काठी. सगळ्यांच्या पुढं ओदिल होता, तंदूरमधून नान काढायची आकड्याची सळई घेऊन, आणि तो ओपाच्याच फाटकावर लाथा घालत होता. फाटकाला आतून कडी होती.

"आत कोंडून घेतलंय त्यानं, ओपा! पोरीसकट!"

"बाजूला हो. घर माझं आहे." तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिलाच तो ओळखीचा वाटला नाही. "ओयदीन, आजी आहे. कडी काढ."

कडी निघाली. ती आत शिरली आणि तिनं पुन्हा कडी घातली.

ओयदीन घंटा मांडीत घेऊन ओट्यावर पाणी पीत बसली होती. कुबानिच भिंतीला पाठ लावून उभा होता. 

"एजे, तिला काही झालेलं नाही. बघा ना, काही झालेलं नाही. गोळ्या सुटल्या म्हणून मी पळालो. तीच म्हणाली घर इकडं आहे."

"अरे, पण तुझं घर शाळेच्या भिंतीला लागून. तिकडं का नाही गेलास?"

तो खाली बघायला लागला. "आमच्या आळीत कसं नेणार तिला? सुरू झालं म्हणत होते. ही कुणाची पोर ते कुणी ओळखलं असतं तर?"

"आणि इथं तू कुणाचा ते कुणी ओळखलं तर?"

त्यानं वर पाहिलं. सतराअठरा वर्षांचं ते पोरगं. "ते माझ्या लक्षातच नाही आलं, एजे."

ओपाला भडभडून आलं. इतका वेळ ती नातीसाठी भीत होती. आता ती भीती तशीच होती आणि वर ह्या परक्या पोराची दुसरी भीती येऊन बसली. फाटकावर पुन्हा लाथ बसली. मिलिशियाला, म्हणजे पोलिसांना, फोन करावा, तर त्यांची गाडी बघून वरची आळी उठली असती. त्याला माळ्यावर लपवावं, तर रात्रीपर्यंत घर राहिलं नसतं. तिनं ओयदीनकडं पाहिलं.

"ओयदीन, चढ त्याच्या खांद्यावर."

"एजे, नको," तो म्हणाला. त्याला कळलं होतं.

"वाक."

आपण नातीची ढाल करतोय हे ओपाला चांगलं कळत होतं. पोर खांद्यावर असेल तर काठी उठणार नाही, एवढाच हिशोब होता, आणि तो चुकला तर काय, हे तिनं मनात येऊ दिलं नाही. तिला स्वतःची किळस आली. तिनं पोरीच्या पायातला बूट घट्ट केला. "वाजव. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

फाटक उघडलं. आधी ओपा, मागं ते दोघं. गल्ली एकदम गप्प झाली आणि त्यात घंटा घणघणत राहिली.

"पोर खाली उतरवा, ओपा," ओदिल म्हणाला.

"फेरी पुरी नाही झाली अजून."

"कसली फेरी?"

"घंटेची. पोरगा फिरत फिरत जरा लांब आला, एवढंच. फुगे फुटले रे, फुगे. भट्टीवर गेले."

"फुगे?"

"जाऊन बघ. आणि ती सळई खाली कर, पोरीच्या डोळ्यात जाईल."

ओदिलनं सळईकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. सळई खाली झाली, पण तो बाजूला झाला नाही. ओपा त्याच्या अंगाला घासून पुढं गेली. ह्या ओदिलला तिनंच अक्षरं गिरवायला शिकवली होती, पण आत्ता ती त्याच्याकडं बघायलाही धजली नाही. मागून एक ढेकूळ आलं आणि कुबानिचच्या टाचेजवळ फुटलं. कुणी मागं वळलं नाही. माणसं अंतर ठेवून मागून यायला लागली, त्यांची पावलं ओपाला पाठीत ऐकू येत होती.

पुलावर असिल्बेक उभा होता. ओपानं सगळ्यांत आधी त्याचे हात पाहिले. हात रिकामे होते. त्याच्या मागच्यांचे नव्हते.

"एजे," तो अदबीनं म्हणाला. "तुमची पोर तुम्ही घ्या. माझा पोरगा मला द्या."

त्या जूनमध्ये शेवटी शेवटी ह्याच पुलावर माणसांची अदलाबदल झाली होती. म्हातारे मधे उभे राहायचे, एक इकडून सोडायचा, एक तिकडून. कुणी लंगडत यायचा, कुणाला उचलून आणायचे. असिल्बेकला ते आठवत होतं, ओपाला आठवत होतं, आणि दोघांनाही कळलं की दुसऱ्यालाही तेच आठवतंय. ती पोरीचा हात धरून घरी जाऊ शकली असती. पिशवी पलंगाखाली तयार होती.

"अदलाबदल नाही," ओपा म्हणाली. "शाळेत चला."

"मागं बघा तुमच्या किती माणसं आहेत!"

"तुमच्याही मागं आहेत."

असिल्बेकनं मान वळवून मागं पाहिलं, जणू त्याला ते नवीनच कळत होतं. घंटा वाजतच होती. कुबानिच दमला होता, त्याचे गुडघे वाकायला लागले होते, आणि पुलाचा कठडा कमरेएवढाही नव्हता.

"पडेल ती," असिल्बेक पुटपुटला. तो पुढं आला आणि त्यानं ओयदीनचा उजवा पाय धरला. ओपानं डावा धरलेलाच होता. एवढ्या जवळून तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या शर्टाला घामाचा वास येत होता, तिला येत होता तसाच. ते तिघं, खांद्यावर चौथी, पुलावरून शाळेच्या दिशेनं चालायला लागले. वरचे लोक कडेला सरकले, खालचे मागं मागं आले, आणि कुणीही हातातलं खाली टाकलं नाही.

थोडं अंतर गेल्यावर ओयदीन वाकून खाली बघायला लागली. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

"आजी, तू पण आणि हे काका पण, माझे पाय कशाला हलवताय? घंटा वेडीवाकडी वाजतेय ना."

 दोघांनीही पाय आणखी घट्ट धरला, पण पाय हलायचे काही थांबले नाहीत.