घाटीवरची चौकशी

देवगडच्या मासळीबाजारात बसणाऱ्या प्रेमलताकाकीची ख्याती अशी, की भाव सोडून तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. गिऱ्हाइकाने बांगडा दाबून पाहिला तर तिची नुसती नजर पुरायची. त्यामुळे यंदा ती अचानक माणसाळली, तेव्हा वाडीला बरं वाटलं. बाजार उरकून रिकामी पाटी घेऊन घाटी चढताना ती घरोघरी थांबू लागली. "सुशीले, गुडघो कसो आसा गो?" असं विचारायची आणि आवाराच्या दगडी गडग्याला धरून उभी राहायची. उत्तर जितकं लांबेल तितकं तिला पसंत. वयाने माणूस मऊ होतो, असं सुशीलाने जाहीर करून टाकलं.

सून समीक्षाला मात्र दुसरंच दिसत होतं. सासू आडवी होईना. आधी एकाच्या दोन उश्या झाल्या, मग भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोप. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पित्त आसा." प्रेमलताला दुखण्याची भीती नव्हती. दुखण्याला एकदा नाव मिळालं की मुलगा निलेश बाजारातली जागा सोडायला लावणार, ही होती.

शेवटी समीक्षाने तिला दवाखान्यात नेलंच.

"चढावर दम लागतो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाय."

"मध्ये थांबावं लागतं?"

"मी थांबणंय नाय. लोकांची चौकशी करतंय."

"सपाटीवर कोणाची करणत नाय त्या," समीक्षा म्हणाली.

डॉक्टरबाईंनी हे लिहून घेतलं. मानेची शीर पाहिली, पाठीला नळी लावली, मग नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. प्रेमलता त्याच्याकडे बघत बसली.

"बाये," ती म्हणाली, "ह्यो बांगडो ताजो नाय."

"सूज मूत्रपिंडानेही येते आणि दम फुप्फुसानेही लागतो. तपासल्याशिवाय हृदयावर आळ घ्यायचा नाही."

मग ईसीजी झाला, छातीचा फोटो झाला. हृदयावर ताण आला की रक्तात एक द्रव्य वाढतं, तेही पाहिलं. ते वाढलेलं नसतं तर डॉक्टरबाई दुसरीकडे वळल्या असत्या. ते वाढलेलंच निघालं, म्हणून कणकवलीला इको काढला. पडद्यावर हृदय हलताना दिसत होतं, पण रक्त पुढे ढकलायला त्याचा जोर पुरत नव्हता.

"बंद पडलेलं नाही, कमजोर झालंय," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "म्हणून अंगात पाणी साचतं. गोळ्या कायमच्या. मीठ कमी."

"आणि सुकी मासळी?"

"विका. खाऊ नका."

"म्हणजे बाजार..." या वेळी सोबत आलेल्या निलेशने तोंड उघडलं.

"सूज उतरू दे, मग बसू दे त्यांना. पाटी मात्र तुम्ही उचलायची."

प्रेमलताने मुलाकडे पाहिलं. बाजारात पुरायची तीच नजर इथेही पुरली.

गोळ्या लागू पडल्या. ती आडवी होऊन झोपू लागली आणि बाजारातही बसू लागली. निलेश पाटी स्कूटरवरून पोचवायचा. येताना ती सावकाश, पण न थांबता घाटी चढायची. वाडीला हे खटकलं.

"जागा परत गावली, तशी मिजास इली," सुशीला पायरीवरून म्हणाली, ऐकू जाईल इतक्या हळू.

वळणापर्यंत गेलेली प्रेमलता मागे फिरली आणि तिच्या शेजारी बसली.

"गुडघो कसो आसा गो?"

सुशीलाने पार बाळंतपणापासून सुरुवात केली. प्रेमलताला दम लागलेला नव्हता, त्यामुळे या वेळी तिला उत्तर ऐकावं लागलं.