चुन्याची निवळी

समुद्रापासून होईल तितकं लांब राहून समुद्राची सगळ्यात जास्त काळजी वाहणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. राहायला वर्ध्याच्या कडेला नालवाडीत, नोकरी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आणि पोहण्याच्या नावानं पूज्य. नालवाडीतली बाकीची माणसं नळाला पाणी कधी येतं या विवंचनेत असत, तेव्हा साडूंना घोर असे तो आपल्या समुद्रात चुना कमी तर पडत नाही ना, याचा. हा समुद्र त्यांच्या बैठकीत खिडकीपाशी एका काचेच्या टाकीत राहत असे, आणि पाहुण्यांनी त्याच्याकडे पाहून पसंतीची मान हलवल्याशिवाय त्यांना चहा मिळत नसे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. साडू कुणाच्या तरी लग्नाला मालवणला गेले. तिकडून बाकीचे वऱ्हाडी काजू आणि आमसुलं घेऊन आले; हे एक दगड घेऊन आले. मासेमाराच्या जाळ्यात आलेला पोवळ्याचा जिवंत खडा होता तो. कॅनभर समुद्राच्या पाण्यात घालून, सायकलच्या पंपानं वारा भरत भरत त्यांनी तो मांडीवर वर्ध्याला आणला. हा तुमच्याकडे चार दिवस तगायचा नाही, असं तो मासेमार हसून म्हणाला होता. झालं. मालवणच्या माणसानं वर्ध्याची इज्जत काढली, आता ती राखणं आलं. त्याला दगड म्हटलेलं साडूंना खपत नसे. "दगड नाई तो साडभाऊ, जीव आहे. घर बांधून राह्यला," असं ते मला ऐकवत. घर बांधायचं म्हणजे चुना लागणार, समुद्रातला चुना टाकीत किती दिवस पुरणार, म्हणून तो वरून घालायचा, इतका सरळ हिशेब होता. स्वतःचं घर मात्र भाड्याचं होतं, त्याला साडूंनी कधी चुन्याचं बोट लावलं नाही.

चुना पानठेल्यावरचा. तो तसाच टाकला तर टाकीचं ताक होतं, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं. मग चुना पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी, म्हणजे निवळी, तेवढी घ्यायची. आमच्या आया तान्ह्या पोरांच्या पोटदुखीवर देत तीच निवळी. पण तीही एकदम घातली तर पाणी बिघडतं. थेंब थेंबच जायला हवी. साडूंनी दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी पैदा केली आणि ती टाकीवर खिळ्याला टांगली. उघड्या खिडकीतून ती बाटली रस्त्यावरून दिसे. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बाया ग्लुकोजची बिस्किटं आणि मोसंब्या घेऊन रोग्याला भेटायला हजर झाल्या. साडूंनी त्यांना सन्मानानं टाकीसमोर बसवलं आणि रोग्याच्या प्रकृतीचं साग्रसंगीत वर्णन केलं. मोसंब्या परत गेल्या नाहीत.

रोज जेवणाआधी परीक्षा असे. टाकीतलं पाणी काढून त्यात काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं. गुलाबी रंगाचा जांभळा झाला की चुना किती आहे ते कळतं. तो जांभळा होईपर्यंत पानं वाढलेली राहत आणि पोळ्या वातड होत. मे महिन्यात कूलरचं तोंड टाकीकडे असे आणि आम्ही पाहुणे कूलरच्या पाठीशी घाम पुसत समुद्रकिनाऱ्याचा आनंद लुटत असू. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती साडू रिकामी कॅन देत, समुद्र भरून आणायला. मीही एकदा आणला. पण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी! स्टेशनवर हवालदारानं कॅन उघडायला लावली, वास घेतला, मोठ्या आशेनं घोट घेतला, आणि थुंकून मला विचारलं, "हे काऊन पेता तुमी?"

या सगळ्यात भरडली गेली ती ताई, म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तंबाखू सोडा म्हणून तिनं साडूंच्या विनवण्या केल्या, उपास केले, अबोले धरले. तंबाखूचा हात पाण्यात गेला तर खडा मरेल, एवढं कळल्यावर साडूंनी ती एका दिवसात सोडली. चुन्याची डबी तेवढी खिशात राहिली. "माह्या सांगण्यानं नाई सुटली, दगडासाठी सुटली," हे ताई आम्हाला पुन्हा पुन्हा सांगे, आणि सांगताना हसत नसे. त्या टाकीला ती सवत म्हणे. तिनं त्या पाण्याला कधी बोट लावलं नाही.

आणि एका उन्हाळ्यात साडूंना मुतखडा झाला. टाकीतला खडा वाढावा म्हणून जिवाचं रान करणाऱ्याच्या पोटात कुणी न सांगता खडा वाढला. चुना योग्य ठिकाणी पोचत नव्हता, एवढंच. ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर स्वारी आपल्या सलाईनच्या नळीकडे टक लावून पडली होती. थेंब फार भरभर पडतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि नर्स ऐकून घेत नव्हती. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "साडभाऊ, घरी निवळी कोन देऊन राह्यलं?"

एवढ्या उन्हात निवळीशिवाय, कूलरशिवाय तो खडा काही वाचत नव्हता, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. टाकी रिकामी करायच्या तयारीनंच मी नालवाडीला गेलो. दार उघडंच होतं. कूलरचं तोंड टाकीकडे होतं. ताई स्टुलावर उभी राहून, डोळे बारीक करून, सलाईनच्या बाटलीतले थेंब न्याहाळत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "हे घरी आले अन् हे मेलेलं दिसलं, तं दुसरा खडा होईन त्याइले."

साडू घरी आले तेव्हा खडा जिवंत होता. ते बराच वेळ टाकीसमोर बसले. मग उठून कूलरचं तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं. ताईनं ते परत टाकीकडे केलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दिवसच्या दिवस वीज गेलेल्या एका उन्हाळ्यात पोवळं मेलं. साडूही नंतर फार राहिले नाहीत. आमच्या जेवणाच्या वेळा आता बिनचूक झाल्या आहेत आणि नालवाडीला गेलो की कूलरचा वारा थेट माझ्या अंगावर येतो. तो मला सोसत नाही.

खिडकीत आता टाकी नाही. तिथे तो पांढराफटक खडा आहे आणि शेजारी चुन्याची डबी. परवा ताईनं खडा माझ्या हातात दिला. खालचा भाग मळकट, जाड. वर बोटभर पांढरी, नाजूक वाढ.

"इथवर मालवण," तिनं बोट ठेवून दाखवलं. मग बोट वर सरकवलं. "इथून वर आपली नालवाडी. पानठेल्याचा चुना."

अगदी टोकाशी ते बोट थांबलं.

"अन् एवढं," ती म्हणाली, "हे दवाखान्यात होते तवाचं. माह्या हातचं."