खळ्यावर उतरलेली पेटी

मी पेटीवर बसले, कारण दुसरं काही सुचलंच नाही. समोरच्या माणसाच्या हातात कुऱ्हाड होती आणि त्याला ती पेटी फोडायची होती.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत विश्वकिरणांवर काम करत होते. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून अफाट वेगाने येणारे सूक्ष्म कण. हवेच्या थरांत ते विरून जातात, म्हणून आम्ही मोठ्या फुग्याला खास फोटोच्या काचांची पेटी बांधून खूप उंच सोडायचो. कण काचेवरच्या लेपातून गेला की मागे बारीक रेघ उरते. काच धुतली की ती सूक्ष्मदर्शकातून दिसते. पण धुण्याआधी उजेड लागला, तर सगळंच काळं.

त्या हिवाळ्यात हैदराबादहून सोडलेला फुगा वाऱ्याने आमच्या चांदा जिल्ह्यात, गोंडपिपरीच्या पलीकडच्या जंगलात आणून टाकला. मी चांद्याची, इकडची बोली येणारी, म्हणून मलाच पाठवलं. सोबत जीप आणि ड्रायव्हर.

गाव गोंडांचं. पेटी हवाई छत्रीसकट थेट धानाच्या खळ्यावर उतरली होती. मळणीचे बैल उधळले आणि त्यातला एक नाल्याकडच्या जंगलात गेला तो परतलाच नाही. वाघाच्या रानात बैल हरवणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कुऱ्हाडवाला त्या बैलाचा धनी.

"बम हाये हा," तो म्हणाला. "नाई म्हणतेस तं खोल. खोलून दाखव."

"खोलता येत नाई, भाऊ. उजेड लागला का खराब होते."

"उजेडानं खराब होते? असं काय ठेवलं आतमंदी?"

लोक जवळ सरकले. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, चला इथून." तेव्हाच मी पेटीवर बसले. दोन्ही हातांनी तिच्या कडा घट्ट धरल्या.

गावच्या पटेलाची बायको, पटलीन, गर्दीतून पुढे आली. पन्नाशीची, कपाळावर गोंदण. तिने कुऱ्हाडवाल्याला गोंडीत काहीतरी बजावलं आणि मला मराठीत विचारलं, "काय धरून राह्यले तुमी आभाळातून?"

मी सांगितलं. आभाळात तारे फुटतात. फुटल्यावर जे उसळतं, ते ढगासारखं पसरत जातं. बारीकसा कण त्याच्यावर आपटून मागे फिरतो, मागे दुसरं काही आडवं येतं, तिथून पुन्हा पुढे. दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकत असल्या, तर दर टकरीला कणाचा जोर वाढतो.

"हाक्यावानी," कुऱ्हाडवाला एकदम बोलला. साहेबांच्या शिकारीत त्याला हाका घालायला नेत असत. "दोन्हीकून माणसं येते. मधातलं हरिण इकून तिकडं, तिकून इकडं. जितके जवळ जाल तितकं पिसाळते."

"तसंच," मी म्हणाले. "मंग एखादा निसटते. तो इथवर येते."

तेव्हा आम्हालाही यापेक्षा फार जास्त ठाऊक नव्हतं. फुटलेल्या ताऱ्यातून निघालेली धक्क्याची लाट पुढे सरकते, कण तिच्या अल्याड-पल्याड पुन्हापुन्हा ढकलला जातो आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा कमावतो, हे नीट उलगडायला पुढे बरीच वर्षं जायची होती.

त्याने कुऱ्हाड मात्र खाली ठेवली नव्हती. "तू खोटं बोलत असशीन तं?"

पटलीन पेटीवर माझ्या शेजारी येऊन बसली. पत्रा करकरला. "फुटन तं आमी दोघी जाऊ," ती म्हणाली. "घाल आता कुऱ्हाड."

 तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता आणि तिचा श्वासही जोरात चालला होता. तीही घाबरली होती.

त्याने कुऱ्हाड जमिनीवर टेकवली. "ने तुयी पेटी," तो म्हणाला, "पण माहा बैल?"

आता खरी पंचाईत. काचा जमिनीवर जितका वेळ राहतील तितक्या इथवर पोचणाऱ्या इतर कणांच्या नको त्या रेघा त्यांच्यावर साचणार, उन्हाने लेप नासणार. मला तडक निघायचं होतं. ड्रायव्हरने जीपही सुरू केली. मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "आधी यांच्यासोबत नाल्याकडं जा. बैल पाहा."

पेटी मोहाच्या सावलीत नेली. ओली पोती आणून वरून टाकली. पटलीन माझ्याजवळच बसून राहिली. दुपार उतरत गेली. वाघाची चाहूल लागल्यागत जंगलात माकडं खेकसली की ती मान वर करायची आणि मी पोत्यांवर पाणी शिंपडायची.

उन्हं कलताना जीपचा आवाज आला. पुढे जीप, मागे दोराने धरलेला बैल. मागच्या पायाला ओरखडे होते, पण चालत होता. कुऱ्हाडवाल्याने त्याला पाणी पाजलं, मग पेटीचं एक टोक स्वतः उचललं आणि जीपमध्ये ठेवलं.

मुंबईत अंधाऱ्या खोलीत मी काचा धुतल्या. पेटीच्या एका कोपऱ्यातून उजेड शिरला होता. तिथल्या काचा पार काळ्या झालेल्या. बाकीच्यांवर आमच्याच उशिराने साचलेल्या रेघांची दाटी होती. वरिष्ठांनी कपाळाला हात लावला. मी मात्र सूक्ष्मदर्शकावरून उठले नाही. कितीतरी दिवस नुसती दाटी चाळली, आणि एका सकाळी तिच्यातून आरपार गेलेली एक जाड, सरळ रेघ दिसली. लोखंडासारख्या जड अणूच्या गाभ्याची. असा कण जमिनीपर्यंत पोचतच नाही; ही रेघ वर आभाळातच उमटलेली. मी खुर्ची मागे सारली आणि शेजारी काचा तपासणाऱ्या मुलीला म्हटलं, "जरा तू बघ. मला आता नीट दिसत नाहीये."